घोड्याच्या पाठीवरून पुनर्वसन : एक परिचय आणि आमची भूमिका

आमच्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात येणारे पालक गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत. "घोड्यावर बसवल्याने मुलाच्या कमरेत बळ येते, असे ऐकले. आमच्या मुलाला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर दर रविवारी एक फेरी मारून आणली तर चालेल का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत लांजा-राजापूरहून एस. टी. ने येणाऱ्या माता आहेत, तशीच अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला जखडलेली तरुण मंडळीही आहेत. दुसरीकडे आमच्या एका जुन्या हितचिंतकांनी रुग्णालयास एक तट्टू देणगीदाखल देण्याची इच्छा गतवर्षी व्यक्त केली. विश्वस्त मंडळाने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले. मात्र ती देणगी तूर्त स्वीकारली नाही.

या नकारामुळे काही शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. म्हणून हा उपचार नेमका काय आहे, त्याचा लाभ कोणास होतो, कोणास तो अपायकारक ठरतो आणि आमचा निर्णय कोणत्या विचाराने झाला, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांसमोर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एक घोडा, दोन उद्दिष्टे

दिव्यांग व्यक्तींच्या संदर्भात घोड्याचा उपयोग मुख्यतः दोन प्रकारे केला जातो. पहिल्या प्रकारास हिप्पोथेरपी असे म्हणतात. ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा; या नावाचा पाणघोड्याशी काही संबंध नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण तशी शंका आम्हांस प्रत्यक्ष विचारली गेली आहे. यात भौतिकोपचार, व्यवसायोपचार अथवा वाचा-उपचार यांचा तज्ज्ञ घोड्याच्या चालीचा एका साधनाप्रमाणे उपयोग करतो. रुग्णाने घोडा हाकावयाचा नसतो; घोड्याच्या चालीने त्याच्या शरीरास जे हेलकावे मिळतात, तेच औषध.

दुसरा प्रकार अनुकूलित अश्वारोहणाचा. यात दिव्यांग मुलास किंवा प्रौढास घोडेस्वारीच शिकविली जाते. खोगीर, लगाम, रिकीब यांत त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे बदल केले जातात आणि शिकविणारा असतो तो अश्वारोहणाचा प्रशिक्षक. येथे उद्दिष्ट उपचाराचे नसून विद्येचे, खेळाचे व आत्मविश्वासाचे असते. शरीरास होणारा लाभ हा त्याबरोबर येणारा जादा नफा होय.

हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात जबाबदारी उपचारतज्ज्ञाची, दुसऱ्यात प्रशिक्षकाची. किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी देणाऱ्या घोडेवाल्याचा व्यवसाय प्रामाणिक आहे आणि त्यावर त्याचे पोट आहे. पण त्याने यांपैकी एकाही गोष्टीचे शिक्षण घेतलेले नसते, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

चाल घोड्याची, सराव माणसाचा

घोडेस्वाराच्या बैठकीला मराठीत 'मांड' असा नेमका शब्द आहे. मांड पक्की असलेला स्वार लगाम सुटला तरी पडत नाही, असे जुने जाणकार सांगत. या उपचाराचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे.

आपण पायी चालतो तेव्हा आपली श्रोणी, म्हणजे कमरेचा हाडांचा सांगाडा, प्रत्येक पावलागणिक पुढे-मागे सरकतो, डावीउजवीकडे झुकतो आणि किंचित वळतो. घोडा साध्या चालीने चालत असताना त्याच्या पाठीची हालचाल याच तीन प्रकारची असते. त्या पाठीवर मांड टाकून बसलेल्या माणसाची श्रोणीही त्याच लयीत हलू लागते. ज्या मुलाने जन्मापासून एकही पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कमरेला व पाठीच्या कण्याला चालण्याचा अनुभव असा बसल्या जागी मिळतो.

घोडा मिनिटाला सुमारे १०० पावले टाकतो. म्हणजे २० मिनिटांच्या फेरीत बसणाऱ्याचा तोल सुमारे २,००० वेळा किंचित ढळतो आणि तितक्याच वेळा सावरावा लागतो. उपचाराच्या टेबलावर इतका सराव करून घेणे कोणत्याही उपचारतज्ज्ञास शक्य नाही, आणि केलाच तर मूल कंटाळून रडू लागेल. घोड्यावर मात्र तेच मूल 'अजून एक फेरी' असा हट्ट धरते. शिवाय घोड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, आपल्याहून थोडे अधिक असते. ती ऊब आणि रुंद पाठीमुळे मांड्यांना मिळणारा ताण यांमुळे मेंदूच्या पक्षाघातात आखडलेले मांड्यांच्या आतील बाजूचे स्नायू काही काळ सैल पडतात.

उपचारतज्ज्ञ या चालीत बदल करवून घेतो. घोडा थांबविणे व पुन्हा चालविणे, वळणे घेणे, किंचित चढ-उतारावरून नेणे, क्वचित मुलास शेपटीकडे तोंड करून बसविणे, अशा प्रत्येक बदलाने शरीराच्या निरनिराळ्या स्नायूंना काम मिळते. दुडकी चाल अथवा भरधाव दौड यांचा या उपचारात संबंध येत नाही.

हेलसिंकी येथील रौप्यपदक

या विषयाचा इतिहास सांगताना एका डॅनिश महिलेचे नाव घ्यावेच लागते. लिझ हार्टेल या निष्णात घोडेस्वार होत्या. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गर्भवती असताना त्यांना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मले, परंतु त्यांचे गुडघ्याखालील पाय कायमचे लुळे पडले. त्यांनी घोडेस्वारी सोडली नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 'ड्रेसाज' या प्रकारात स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरण्याची परवानगी प्रथमच मिळाली. ड्रेसाज म्हणजे घोड्याला अत्यंत सूक्ष्म इशाऱ्यांवर शिस्तबद्ध चाली करावयास लावण्याची कला. ज्युबिली नावाच्या आपल्या घोडीवर हार्टेल यांनी रौप्यपदक मिळविले. त्यांना घोड्यावर चढण्या-उतरण्यास मदत लागे. विजयमंचावर चढतानाही सुवर्णपदक विजेते स्वीडनचे आंरी सां सिर यांनी त्यांना हात दिला. १९५६ साली त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकाविले.

पायांत शक्ती नसलेली स्त्री केवळ मांडेच्या व कमरेच्या बळावर जगात दुसरी येते, हे पाहून युरोपातील उपचारतज्ज्ञांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. १९६९ साली ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत दिव्यांगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाल्या. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून अश्वारोहण हा पॅरालिंपिकमधील खेळ आहे. तेथे दिव्यांगत्वाच्या स्वरूपानुसार स्पर्धकांच्या पाच श्रेणी केल्या जातात आणि स्त्री-पुरुष एकत्र स्पर्धा करतात.

आपल्याकडे पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. परंतु पोलिओने पाय गमावलेली एक पिढी आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात येते. त्या पिढीच्या वाट्याला कुबड्या व कॅलिपर आले. खेळाचे मैदान फारसे आले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने क्रीडाप्रकारांत दिव्यांगांचा सहभाग घडवून आणण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. घोड्याचा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो या व्यापक अर्थानेही.

संशोधन काय सांगते

देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया योग्य जागी पडावा, हा आमचा नेहमीचा आग्रह. म्हणून या उपचाराविषयी जे सिद्ध झाले आहे तेवढेच येथे नमूद करतो.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांत या उपचाराने धडाचा तोल व बसण्याची स्थिरता यांत सुधारणा दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हे अभ्यास बहुतांशी थोड्या मुलांवर व थोड्या काळापुरते झालेले असल्याने हा लाभ किती टिकतो, याविषयी तज्ज्ञ सावधपणे बोलतात. स्वमग्न मुलांच्या बाबतीत २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभराहून अधिक मुले सहभागी झाली होती. १० आठवड्यांच्या अश्वारोहणानंतर त्यांची चिडचिड व अतिचंचलता कमी झाली आणि बोलण्यात सुधारणा झाली. तुलनेसाठी ज्या मुलांना त्याच ठिकाणी नेऊन केवळ घोड्यांविषयी माहिती दिली गेली, त्यांच्यात एवढा फरक पडला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७० प्रौढ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर तोल सुधारल्याचे दिसले. मज्जारज्जूच्या इजेमुळे पाय ताठरलेल्या रुग्णांचा ताठरपणा घोड्यावर बसल्यानंतर काही काळ कमी होतो, हे स्वित्झर्लंडमधील अभ्यासकांनी दाखविले आहे. पण तो परिणाम तात्पुरता असतो.

तात्पर्य, घोडा मेंदूतील इजा बरी करीत नाही आणि तुटलेला मज्जारज्जू जोडीत नाही. तो नियमित भौतिकोपचाराची जागाही घेऊ शकत नाही. चालू उपचारास तो चांगली जोड देऊ शकतो. याहून अधिक आश्वासन देणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे.

घोडा कोणासाठी नाही

आरंभी दिलेला प्रश्न ज्या मातेने प्रथम विचारला, तिच्या मुलाची हकीकत कुटुंबाच्या संमतीने, नाव न देता येथे सांगतो. मूल सात वर्षांचे, दोन्ही पाय आखडलेले, मेंदूचा पक्षाघात. घोड्यावर बसविण्याविषयी मत देण्यापूर्वी आम्ही त्याच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढण्यास सांगितले. "घोड्याचा आणि फोटोचा काय संबंध?" असे त्या मातेने साहजिकच विचारले. चित्रात डावा खुबा सांध्यातून निसटू लागल्याचे दिसले. मुलाला दुखत नव्हते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते. अशा स्थितीत पाय फाकवून घोड्यावर बसविणे म्हणजे निसटता सांधा आणखी ताणणे.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांत खुबा असा हळूहळू जागा सोडतो, आणि आरंभी दुखत नाही. म्हणून घोड्याचा विचार असो वा नसो, अशा मुलांच्या खुब्यांची ठराविक काळाने तपासणी झालीच पाहिजे.

याखेरीज पुढील व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून घोड्यावर बसू नये :

१. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती. यांच्यापैकी काहींच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर अस्थिर असतात. हिसका बसल्यास मज्जारज्जूस इजा होऊ शकते.

२. फिट्स औषधाने आटोक्यात न आलेले रुग्ण.

३. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत. दीर्घकाळ न चालणाऱ्या मुलांत हे प्रमाण बरेच असते.

४. पाठीचा कणा फार वाकलेले किंवा कण्याची अथवा सांध्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले रुग्ण.

५. पायांची संवेदना गेलेले रुग्ण, विशेषतः बसण्याच्या जागी शय्याव्रण असल्यास. कातडी सोलवटल्याचे त्यांना कळतही नाही.

६. ज्यांना डोके सावरता येत नाही, त्यामुळे शिरस्त्राणाचे वजन पेलत नाही.

७. दमा किंवा घोड्याच्या केसांची ॲलर्जी असलेले, तसेच रक्तस्राव न थांबण्याचा विकार असलेले रुग्ण.

घोडा विकत घेणे सोपे, पाळणे कठीण

उपचारासाठी वापरला जाणारा घोडा वयाने प्रौढ, स्वभावाने शांत आणि चालीने एकसारखा असावा लागतो. चाकाची खुर्ची, कुबडी पडल्याचा आवाज, मुलाची अचानक किंकाळी यांनी तो बुजता कामा नये. आरंभी एका मुलासाठी साधारणतः तीन माणसे लागतात : एक घोड्याचा कासरा धरून पुढे चालणारा व दोन्ही बाजूंनी मुलास आधार देणारे दोघे. उपचारतज्ज्ञ त्यांच्यापैकी एक असतो किंवा चौथा. चढण्यासाठी उतरता धक्का, पाय अडकून न राहणाऱ्या रिकिबी, मऊ गादी आणि शिरस्त्राण ही किमान सामग्री होय.

घोड्याने आपल्या वजनाच्या सुमारे एक-पंचमांशाहून अधिक भार वाहू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३०० किलो वजनाच्या तट्टाने खोगिरासह फार तर ६० किलो पेलावेत. म्हणजे देऊ केलेले तट्टू लहान मुलांस चालले असते. अपघातग्रस्त प्रौढ रुग्णांस नव्हे.

आरोग्याचा प्रश्नही आहे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग माणसासही होऊ शकतो. २००६ साली महाराष्ट्रातील घोड्यांत त्याची लागण आढळली होती. म्हणून रुग्णांच्या सान्निध्यात येणाऱ्या घोड्याची रक्ततपासणी ठराविक काळाने करणे अपरिहार्य ठरते. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. त्यामुळे बसणारा, धरणारा व मोतद्दार या सर्वांचे धनुर्वात-प्रतिबंधक लसीकरण हवे.

आणि कोकण हा घोड्यांचा मुलूख नव्हे. मराठ्यांचे घोडदळ वाढले ते देशावरच्या भीमा-नीरेच्या खोऱ्यांत. भीमथडीच्या तट्टांची ख्याती तिकडची. खानदेशात सारंगखेड्यास दत्तजयंतीला आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला आरमार आले. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ओल्या जमिनीत उभे राहून घोड्याच्या खुरांना सड लागते, सुका चारा घाटावरून आणावा लागतो, आणि जांभ्याच्या सड्यावर पडलेले मूल मऊ मातीवर पडत नाही. वर्षातील चार महिने छपराखालील वाळूचे मैदान नसेल तर उपचार बंद, आणि उपचार बंद असला तरी घोड्याचे पोट मात्र बंद नाही. घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. नालबंद, मोतद्दार, पशुवैद्य व चारा यांचा तेवढ्या वर्षांचा खर्च त्या एका देणगीबरोबर आमच्याकडे आला असता.

आमचा निर्णय

विश्वस्त मंडळाने ही कल्पना सोडून दिलेली नाही. चार गोष्टी जुळून आल्या तर ती पुन्हा विचारात घेतली जाईल : या उपचाराचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेला भौतिकोपचारतज्ज्ञ, पशुवैद्यांनी तपासलेले व या कामासाठी शिकविलेले घोडे, छपराखालील समतल, मऊ मैदान, आणि किमान तीन वर्षांच्या आवर्ती खर्चाची तरतूद. यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत आधी हवी. घोड्यावाचून तज्ज्ञ उपयोगी पडतो. तज्ज्ञावाचून घोडा नाही.

दरम्यान जे करता येते ते आम्ही करीत आहोत. भौतिकोपचार विभागात मोठे लोड, उपचाराचे चेंडू व डुलत्या फळ्या आहेत. लोडावर दोन्ही बाजूंस पाय टाकून मुलाने बसावयाचे, उपचारतज्ज्ञाने लोड हळूहळू हलवावयाचा आणि मुलाने तोल सावरीत समोरची रिंग खांबात घालावयाची. घोड्याची ऊब व आनंद त्यात नाही, हे आम्ही जाणतो. पण मांड टाकून तोल सावरण्याचा सराव त्यात आहे. हाच व्यायाम घरी कसा करावा, हे पालकांस शिकविले जाते. त्यासाठी लागणारा लोड गावातील गादीवालाही करून देऊ शकतो.

मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांतील एखाद्या केंद्रात मुलास नेण्याचा ज्या कुटुंबांचा विचार असेल, त्यांनी प्रथम आमच्याकडे तपासणी करून लेखी अभिप्राय घ्यावा. त्या केंद्रास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : उपचार कोण देणार व त्यांची पदवी कोणती? मुलाजवळ किती माणसे असतील? शिरस्त्राण देता का? घोड्याची रक्ततपासणी केव्हा झाली? घोड्याला विश्रांतीचा दिवस असतो का? मुलाच्या प्रगतीची नोंद ठेवता का? उत्तर देण्याची टाळाटाळ होत असेल, तर तेथून परत यावे.

किनाऱ्यावरील फेरीविषयी म्हणाल, तर ज्यांच्या तपासणीत धोका आढळला नाही, त्यांना आम्ही तो आनंद नाकारीत नाही. घोडा चालीनेच न्यावा, दोन्ही बाजूंना घरचे माणूस असावे, डोक्यावर शिरस्त्राण असावे. उंचावरून समुद्र पाहण्याचा हक्क चाकाच्या खुर्चीतल्या मुलासही आहे. मात्र त्या फेरीस उपचार समजून महिन्याचा भौतिकोपचार चुकवू नये.

आमच्या देणगीदारांस नम्र विनंती अशी की, तूर्त त्यांनी आपले साहाय्य तीन गोष्टींकडे वळवावे : खुब्यांच्या नियमित क्ष-किरण तपासणीचा खर्च, दूरच्या गावांहून येणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च आणि भौतिकोपचारतज्ज्ञांचे प्रशिक्षण. ज्या हितचिंतकांनी तट्टू देऊ केले होते, त्यांनी ही भूमिका मोठ्या मनाने समजून घेतली आणि ती रक्कम क्ष-किरण तपासणीसाठी दिली. त्यांचे ऋण आम्ही येथे जाहीरपणे नमूद करतो.

त्या सात वर्षांच्या मुलाच्या खुब्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. आता तो आठवड्यातून दोनदा येतो, लोडावर मांड टाकून बसतो आणि आधाराविना दहापर्यंत अंक मोजून होईतो पडत नाही. "घोडा केव्हा आणणार?" हे विचारण्यास तो एकदाही विसरत नाही. त्याला होकारार्थी उत्तर देण्याचा दिवस आपणा सर्वांच्या सहकार्याने यावा, हीच इच्छा.